जुन्या टूरिंग सायकलचे कँटिलिव्हर ब्रेक: लिव्हर कडक, पकड कमी, पुढे थरथर

सायकलवाट

१९८० च्या दशकातली स्टीलची टूरिंग फ्रेम आहे. कँटिलिव्हर ब्रेक (रिमच्या दोन बाजूंना एकेक आर्म, दोन्ही एका आडव्या वायरीने ओढले जातात) मूळचेच आहेत. आर्म बाहेरच्या बाजूला लांब पसरलेले, रबरांच्या दांड्या गुळगुळीत, म्हणजे आट्यांच्या नाहीत. ड्रॉप हँडल आणि वायर वरून बाहेर पडणारे जुने लिव्हर. चाकं मूळची २७ इंची होती, आता ७००सी अॅल्युमिनियम रिम आणि ३२ मिमी टायर आहेत. पुढच्या आउटरचा (वायरीवरच्या आवरणाचा) स्टॉप, म्हणजे आवरण जिथे टेकून संपतं तो ब्रॅकेट, हेडसेटवर (हँडल-फोर्क फिरतो त्या बेअरिंगवर), मागचा सीटच्या बोल्टवर.

पुढचा लिव्हर एकदम कडक लागतो, जेमतेम २ सेंमी हलतो, पण सामान लादलं की उतारावर पकड पुरत नाही. कमी वेगात जोरात दाबला तर फोर्क पुढेमागे थरथरतो. मागचा लिव्हर सोडल्यावर डावं रबर रिमला घासत राहतं. शिवाय मागून कर्कश आवाज येतो, ओल्यात जास्त.

वायर आणि रबरं नवी टाकणारच आहे. पण हे सगळं काढून सरळ व्ही-ब्रेक (लांब उभ्या आर्मचे, नंतरच्या काळातले) लावले तर सुटतं का?

आटेपाना

व्ही-ब्रेकचं नंतर बघू. तुमच्या चार तक्रारींची कारणं बहुतेक वेगवेगळी आहेत, म्हणून एकही नवा भाग लावण्याआधी ब्रेकचे तुकडे सुटे करून तपासा. सगळं जोडलेलं असताना दोष लिव्हरचा, वायरीचा की आर्मचा हे कळतच नाही.

दोन्ही आर्मना जोडणारी आडवी वायर एका बाजूने खाचेतून काढा. आता आर्म बोटाने रिमकडे ढकलून सोडा, चटकन मागे यायला हवा. रेंगाळला तर दोष आर्म, स्प्रिंग किंवा बॉसमध्ये आहे (बॉस म्हणजे फ्रेमला जोडलेला खुंट, ज्यावर आर्म फिरतो). मग मुख्य वायर योकजवळ (योक म्हणजे मुख्य वायर आडव्या वायरीला जोडणारा तुकडा) हाताने धरून हलका ताण द्या आणि दुसऱ्या हाताने लिव्हर दाबा-सोडा. कुठेही अडकल्यासारखं, खरखरीत लागू नये. शेवटी वायर सैल सोडून नुसता लिव्हर त्याच्या पिनवर हलवून बघा.

मागच्या तक्रारीचं निम्मं निदान इथेच होतं. दोन्ही रबरं रिमला चिकटून राहत असतील तर वायर किंवा लिव्हर. एकच राहत असेल तर आर्म, स्प्रिंग, बॉस किंवा तिरकं बसलेलं चाक. तुमचं एकच घासतंय. तेव्हा सर्वांत आधी मागचं चाक ड्रॉपआउटमध्ये (आस बसतो त्या फ्रेमच्या खाचेत) सरळ बसलंय का ते पाहा. चाक तिरकं असताना ब्रेक मध्यावर आणायचा प्रयत्न केला तर पुढचं सगळं सेटिंग चुकतं.

जुन्या उघड्या वायरीच्या बऱ्याच लिव्हरमध्ये परत आणणारी स्प्रिंग नसते. लिव्हर, वायर, रबर हे सगळं मागे ओढण्याचं काम आर्मच्या स्प्रिंगला एकटीला करावं लागतं. त्यामुळे या सायकलींवर आउटरमधलं थोडंसं घर्षणही जाणवतं.

लांबचा_पल्ला

पुढच्यासाठी योक खाली घ्या. टायरपासून दोन बोटं वर. पकड लगेच वाढते.

वायरताण

> योक खाली घ्या. पकड लगेच वाढते.

दिशा बरोबर आहे, पण किती वाढते हे आर्मच्या आकारावर ठरतं. सायकलवाट यांचे आर्म रुंद आहेत म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी लिव्हरच्या कडकपणाबद्दल. लिव्हर कडक म्हणजे ब्रेक जोरदार, असा समज असतो. कँटिलिव्हरमध्ये बहुतेक वेळा उलटं असतं. बोटांच्या जोराची रिमवर पटीत वाढ होते त्याला लीव्हरेज म्हणू. ते कमी असलं की रबर थोड्याच हालचालीत रिमला टेकतं आणि लिव्हर तिथेच अडतो. हाताला घट्ट वाटतं, रिमवर मात्र दाब कमी पडतो. लीव्हरेज जास्त असलं की लिव्हर जास्त आत येतो, थोडा मऊ लागतो, आणि सायकल थांबते. तुमचा २ सेंमी हलणारा कडक लिव्हर हे कमी लीव्हरेजचं लक्षण आहे. रबर वाळून कडक झाल्यानेही असंच वाटतं, म्हणून दोन्ही तपासा.

आता योक. दोन खांबांमध्ये बांधलेल्या दोरीच्या मध्यावर वजन टांगलं तर दोरी जितकी सपाट तितका तिच्यातला ताण जास्त. आडव्या वायरीचं तेच. मुख्य वायरीत १०० एकक जोर असेल आणि आडव्या वायरीच्या दोन पायांमधला कोन ६० अंश असेल, तर प्रत्येक पायात ५८ एकक ताण येतो. कोन ९० अंश केला तर ७१, आणि १२० अंश केला तर पूर्ण १००.

पण या ताणातला किती भाग आर्म फिरवायला उपयोगी पडतो ते वायरीची गाठ (आर्मला जोडलेली जागा) कुठे आहे यावर अवलंबून. पिव्हटपासून (आर्म फिरतो त्या बॉसच्या मध्यापासून) गाठ बाहेर किती आहे ते अंतर ‘ब’ आणि वर किती आहे ते ‘व’ धरा. आर्मवरचं फिरवणारं बळ ‘ब + व × टॅन(अर्धा कोन)’ या प्रमाणात असतं. म्हणजे योक खाली घेतल्याने फक्त ‘व’चा हिस्सा वाढतो, ‘ब’ आहे तसाच राहतो.

उदाहरण घ्या. रुंद आर्म, ब ५० मिमी, व २० मिमी. कोन ९० अंशांवरून १२० केला तर बेरीज ७० वरून साधारण ८५, म्हणजे २१ टक्के वाढ. आता नंतरच्या काळातले उभे, अरुंद आर्म घ्या, ब २५ आणि व ५०. तोच बदल केला तर ७५ वरून ११२, जवळजवळ ५० टक्के वाढ. अरुंद आर्मवर योकची उंची बिघडली की ब्रेक निकामी वाटतो, रुंद आर्म त्या मानाने सोशिक. उलट बाजूने, रुंद आर्मवर योक खाली आणून चमत्कार होत नाही, रबर आणि रिम यांच्याकडे बघावंच लागतं.

योक अमर्याद खाली नेता येत नाही. लीव्हरेज वाढलं तेवढीच लिव्हरची हालचाल वाढते. रिमला थोडा आऊट असेल (फिरताना बाजूला डुलत असेल) किंवा रबरं झिजली असतील तर लिव्हर हँडलला टेकतो आणि ब्रेक संपतो. पूर्ण दाबल्यावर लिव्हर आणि हँडल यांच्यात निदान २ सेंमी फट उरली पाहिजे.

सायकलवाट, तुमचे ब, व आणि कोन मोजून लिहा.

लांबचा_पल्ला

हे पटलं. माझा सल्ला अरुंद आर्मला जास्त लागू होतो तर.

मग दुसरी गोष्ट सांगतो, सुरक्षेची. पुढची मुख्य वायर तुटली किंवा योकमधून निसटली तर आडवी वायर टायरवर पडते. टायर खरबरीत असेल तर ती त्यात अडकते, चाक जागच्या जागी थांबतं आणि सायकल पुढे उलटते. फोर्कच्या क्राऊनवर (दोन पाय जुळतात त्या वरच्या भागावर) मडगार्ड, पुढच्या कॅरिअरची पट्टी किंवा रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट असा काहीतरी आडोसा हवाच, जो ती वायर टायरच्या वर धरून ठेवेल. मडगार्ड काढून ठेवले असतील तर रिफ्लेक्टरचा ब्रॅकेट काढू नका.

कानस

७००सी चाकांबद्दल. २७ इंची रिमचा टायर बसण्याचा व्यास ६३० मिमी, ७००सी चा ६२२. त्रिज्येत फरक ४ मिमी. म्हणजे रबरं आर्मच्या खाचेत ४ मिमी खाली सरकवावी लागली असणार. बहुतेक आर्मच्या खाचेत तेवढी जागा असते, पण खाचेच्या अगदी तळाशी पोचलं असेल तर लिहा.

याचा एक फायदा आहे आणि एक तोटा. रबर पिव्हटच्या जवळ आलं की लीव्हरेज वाढतं. पिव्हटपासून रबराची उंची समजा २९ मिमी होती ती २५ झाली, तर १६ टक्के दाब फुकटात मिळतो. तोटा असा की कँटिलिव्हरचा पिव्हट रिमच्या खाली आणि बाहेर असल्यामुळे रबर आत येताना खालीही येतं. पिव्हटच्या जवळ आलेलं रबर आणखी तिरकं खाली येतं. जसजसं झिजेल तसतसं ते रिमच्या खालच्या कडेकडे सरकेल, रबराला वर एक न झिजलेला ओठ शिल्लक राहील, आणि एक दिवस रबर रिमखाली घुसून स्पोकमध्ये जाईल. म्हणून नवीन रबर लावताना ते ब्रेकिंग पट्टीच्या मध्यावर न लावता वरच्या बाजूला लावा. वरची कड रिमच्या वरच्या कडेपासून १ मिमी खाली. टायरला मात्र कुठेही, कुठल्याही हालचालीत स्पर्श होता कामा नये. टायरची बाजू कापायला फार वेळ लागत नाही.

रिम वापरलेल्या असतील तर भिंतीची जाडी मोजा. स्टीलची पट्टी रिमवर उभी टेकवून उजेडात धरा, मध्ये फट दिसली तर रिमची भिंत खोलगट झालीय. नेमकं माप हवं असेल तर टायर काढून २ मिमी स्पोकचे दोन तुकडे घ्या, एक आतून आणि एक बाहेरच्या खोलगट भागात ठेवा, दोन्हींवर व्हर्निअर लावा आणि आलेल्या मापातून ४ मिमी वजा करा. व्हर्निअर नुसता लावला तर तो कडांवर टेकतो, मधली झीज लपते. चार-पाच ठिकाणी मोजा. १ मिमीच्या खाली आलं असेल तर रिम बदला, सामान लादून उतारावर नेऊ नका. हवेच्या दाबाने भिंत फाकते आणि टायर सुटतो. झिजल्याची खूण म्हणून खाच किंवा ठिपका असलेल्या रिमवर ती खूण नाहीशी झाली की रिम संपली.

सायकलवाट

मोजलं. ब ४८ मिमी, व २२ मिमी. आडव्या वायरीचा कोन फक्त ५० अंश, योक जवळजवळ हेडसेटच्या स्टॉपला चिकटलेला. रिमची भिंत सगळीकडे १.४ ते १.५. आऊट अर्ध्या मिमीच्या आत. रबर खाचेच्या तळापासून थोडं वर आहे, जागा आहे. जुन्या रबरात नख दाबलं तर खूण उठत नाही.

मागचं चाक सरळ आहे. वायर काढल्यावर उजवा आर्म उडून मागे जातो, डावा अर्ध्यावर थांबतो.

वायरताण

तुमच्या मापाने आत्ताची बेरीज ४८ + २२ × ०.४७, म्हणजे ५८ च्या आसपास. कोन १०० अंश केला तर ४८ + २२ × १.१९, म्हणजे ७४. सव्वापटीहून जास्त. लिव्हरची हालचाल २ सेंमीवरून अडीचवर जाईल, ती चालण्यासारखी आहे. ११० अंशांच्या पुढे या आर्मवर जाऊ नका.

त्यासाठी आडवी वायर आखूड करावी लागेल. आडव्या वायरीला एका टोकाला मणी असतो आणि दुसरं टोक आर्मच्या बोल्टखाली दाबलेलं असतं. आधी योक हव्या त्या उंचीला धरा, मग आडवी वायर बोल्टमधून ओढून घट्ट करा, आणि सगळ्यात शेवटी मुख्य वायर योकमध्ये आवळा. जुनी आडवी वायर योकच्या वाकणावर मोडलेली असते, ती परत वापरू नका. योक नेमका मध्यावर आला पाहिजे.

आणि हो, नख न उमटणारं रबर टाकून द्या. त्यावर कितीही पॉलिश पेपर मारला तरी आतलं रबरही तसंच वाळलेलं असतं.

कानस

डावा आर्म. बोल्ट काढा, आर्म उतरवा. उतरवताना स्प्रिंगचं टोक बॉसच्या पायथ्याशी कोणत्या भोकात होतं ते बघून ठेवा. काही बॉसना एकच भोक असतं, नंतरच्या बॉसना तीन. तीन असतील तर दोन्ही बाजूंचं टोक मधल्या भोकात हवं. एका बाजूचं वरच्या आणि दुसरीचं मधल्या भोकात असेल तर ताण कधीच जुळणार नाही.

मग बॉस बघा. व्यास ८ मिमी असतो. मुळाशी, मध्यावर आणि टोकाला व्हर्निअर लावा. टोक जाड लागलं तर तो फुगलाय. आतला एम६ बोल्ट कोणीतरी प्रमाणाबाहेर आवळला की पातळ भिंतीचं टोक बाहेर फाकतं आणि आर्म त्यावर जाम होतो. बारीक कानशीने फुगलेला भागच उतरवा, सगळीकडून फिरवत, दर वेळी आर्म घालून बघत. नंतर ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. स्प्रिंगशिवाय घातलेला आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडला पाहिजे, पण बाजूला डुगडुगता कामा नये.

बॉसचं टोक समोरून घासून त्याची लांबी मात्र कमी करू नका. आर्मच्या आतली नळी बॉसपेक्षा किंचित आखूड असते, म्हणून बोल्ट आवळल्यावर तो बॉसच्या टोकावर बसतो आणि आर्म मोकळा राहतो. बॉस आखूड झाला की बोल्ट आर्मलाच दाबतो आणि परत तेच दुखणं. बॉसला उभी चीर दिसली तर कानस ठेवून द्या, तो बॉस ब्रेझिंग करून बदलायचं काम आहे.

परत लावताना बॉसवर पाण्यात न धुपणारं ग्रीस, बोल्टच्या आट्यांवर पातळ निळा थ्रेडलॉक. आवळणं ५ ते ७ न्यूटन-मीटर, त्याच्या पुढे नाही. बॉस फुगायला तेवढंच कारण पुरतं.

सायकलवाट

टोक ८.३ भरलं, मूळ ८.०. चीर नाही. कानस मारून आर्म मोकळा झाला, आता दोन्ही बाजू सारख्या परततात. स्प्रिंगला एकच भोक आहे.

पुढची थरथर?

आटेपाना

थरथरीला तीन-चार कारणं असतात, स्वस्तातल्यापासून सुरुवात करा.

पहिलं हेडसेट. पुढचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्या हाताची बोटं खालच्या कपवर ठेवा आणि सायकल पुढेमागे हलवा. बोटांना खट्ट लागलं तर बेअरिंग ढिलं आहे, ते आधी. हँडल मग वळवून बघा. जुन्या हेडसेटमध्ये छर्‍यांचे खड्डे पडलेले असतात, त्यामुळे सरळ असताना प्ले (ढिलेपणा) जाणवतो आणि वळवलं की घट्ट होतं. असा हेडसेट आवळून सुधारत नाही.

दुसरं, आर्मचा बॉसवरचा प्ले. रबराला धरून पुढेमागे हलवा. किंचित हलणार, पण ठोका लागू नये.

तिसरं, रिमचा सांधा. चाकाच्या दर फेरीला एकदाच ठोका जाणवत असेल तर तो सांधा आहे, थरथर नव्हे. सांध्याचा उंचवटा बारीक पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून हलका करता येतो.

हे तिन्ही ठीक असतील तर उरतं ते हेडसेटवरच्या स्टॉपचं. ब्रेक लागला की रिम आर्मना पुढे ओढते, टायर रस्त्यावर मागे रेटला जातो, आणि बारीक नळ्यांचा फोर्क मागे वाकतो. आउटरचा स्टॉप वर हेडसेटवर, आर्म खाली फोर्कवर. फोर्क वाकला की स्टॉप ते योक हे अंतर वाढतं. तुम्ही लिव्हर तेवढाच धरलेला असतो, पण वायर आपोआप ताणली जाते, ब्रेक आणखी आवळला जातो. मग रबर घसरतं, फोर्क सुटतो, वायर सैल होते, पुन्हा पकडते. हे चक्र म्हणजे तुमची थरथर. नवं, जास्त पकड असलेलं रबर लावलं की ती कधी कधी वाढते, त्याने गोंधळू नका.

उपाय म्हणजे आउटरचा स्टॉप फोर्कच्या क्राऊनवर आणणं. क्राऊनच्या ६ मिमी भोकात, जिथे मडगार्डचा बोल्ट बसतो, तिथे पुढून बसणारा स्टॉप मिळतो. स्टॉप आणि आर्म दोन्ही फोर्कच्याच खालच्या भागावर आले की वाकण्याने वायर ताणली जात नाही. बघून घ्यायचं ते एवढंच, की स्टॉप आणि योक यांच्यात किमान २० मिमी जागा हवी, नाहीतर योक स्टॉपला आपटतो आणि ब्रेक अर्धाच लागतो. तुमचा योक खाली येणारच आहे, म्हणजे जागा मिळेल. आउटर नवा, लांब कापावा लागेल. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून तो कुठे ओढला जात नाही ना ते बघून मगच कापा.

लांबचा_पल्ला

+१. क्राऊनवरचा स्टॉप लावताना हेडसेटवरचा जुना ब्रॅकेट सहज काढू नका. तो लॉकनटखाली वॉशरचं काम करत असतो. काढला तर तेवढ्याच जाडीचा वॉशर टाका, नाहीतर लॉकनट स्टिअररच्या (फोर्कच्या वरच्या नळीच्या) टोकावर टेकतो आणि हेडसेट नीट आवळला जात नाही.

दोनचाकी

एक उपप्रश्न. माझ्याकडे त्याच काळातली सेंटरपुल ब्रेकची फ्रेम आहे, आर्मसाठी बॉस फ्रेमलाच जोडलेले. त्यावर कँटिलिव्हर बसतील का?

कानस

नाही. सेंटरपुलचे बॉस रिमच्या वर असतात, कँटिलिव्हरचे खाली. दिसायला सारखे, उंची वेगळी.

रबराची चालही उलटी आहे. सेंटरपुलचं रबर आत येताना वर, टायरकडे सरकतं. म्हणून तिथे रबर ब्रेकिंग पट्टीच्या खालच्या बाजूला लावायचं. कँटिलिव्हरची सवय असलेल्यांनी हे मुद्दाम लक्षात ठेवावं.

वायरताण

व्ही-ब्रेकचा प्रश्न राहिला होता. व्ही-ब्रेक १९९६ च्या सुमारास बाजारात आले, आणि त्यांचे लिव्हर वेगळे असतात. व्ही-ब्रेकला कँटिलिव्हरच्या साधारण दुप्पट वायर ओढावी लागते. जुन्या ड्रॉप लिव्हरवर पूर्ण मापाचे व्ही-ब्रेक जोडले की लीव्हरेज भलतंच वाढतं, लिव्हर हँडलपर्यंत येतो, आणि ते टाळायला रबरं रिमला इतकी जवळ आणावी लागतात की जरासा आऊट आला की घासतात. मधे कप्पीचा अडॅप्टर लावता येतो, किंवा ८०-९० मिमी आर्मचे छोटे व्ही-ब्रेक, पण त्यांच्यात मडगार्ड आणि ३२ च्या टायरला जागा अपुरी पडते.

शिवाय जुन्या टूरिंग फ्रेमवर दोन बॉसमधलं अंतर ६०-६५ मिमीच्या आसपासही असतं. व्ही-ब्रेक सुमारे ८० मिमीसाठी बनवलेले असतात. अरुंद बॉसवर आर्म बाहेर कलतात आणि रबराच्या वॉशरची कितीही अदलाबदल केली तरी कोन जुळत नाही. तुमचे रुंद कँटिलिव्हर या फ्रेमला बरोबर आहेत.

याच्या उलट चूकही दिसते: सपाट हँडल लावताना व्ही-ब्रेकचे लिव्हर कँटिलिव्हरला जोडलेले. लिव्हर कडक आणि सायकल थांबत नाही. तिथे योक कितीही हलवा, लिव्हर बदलल्याशिवाय सुटका नाही.

आटेपाना

आता वायर आणि रबरं.

इनर (आतली वायर) १.५ किंवा १.६ मिमी, स्टेनलेस. ड्रॉप लिव्हरला नासपतीच्या आकाराचं डोकं लागतं, सपाट हँडलच्या लिव्हरला आडवं नळकांडं. काही इनरना दोन्ही टोकांना एकेक असतं, नको ते कापायचं. आउटर ब्रेकचाच, ५ मिमी, गोल गुंडाळलेल्या तारेचा. गिअरचा उभ्या तारांचा आउटर ब्रेकला कधीही वापरायचा नाही, जोरात दाबल्यावर तो बाजूने फुटतो आणि ब्रेक त्याच क्षणी जातो. कापल्यावर टोक कानशीने सपाट करा, आतली प्लॅस्टिकची नळी सुईने गोल उघडा, टोपी बसवा. टोक तिरकं राहिलं तर तेवढाच भाग दर वेळी दबतो आणि लिव्हर मऊ लागतो. आत प्लॅस्टिक असलेल्या आउटरला ग्रीस लागत नाही. बिनप्लॅस्टिकचा जुना आउटर ठेवायचा असेल तर मात्र इनरला ग्रीस लावून घाला.

रबरं गुळगुळीत दांडीचीच घ्या, आट्यांच्या दांडीची तुमच्या आर्ममध्ये बसणार नाहीत. ओल्यासाठी कूल-स्टॉपचं साल्मन रंगाचं रबर चांगलं, ते अॅल्युमिनियमचे कणही कमी उचलतं. स्टीलची क्रोम रिम असेल तर ओल्यात कुठलंही रबर कमीच पडतं, तिथे खरा उपाय रिम बदलण्याचा.

बसवताना दोन्ही दांड्या आर्ममधून सारख्याच बाहेर ठेवा, व्हर्निअरने मोजून. रबराच्या मागच्या टोकाखाली १ मिमी जाड पुठ्ठा किंवा दुमडलेला रबर बँड ठेवा, म्हणजे सायकलच्या पुढच्या दिशेचं टोक आधी टेकेल. मग लिव्हर हलका दाबून धरा, रबर रिमला समांतर आणि वरच्या कडेखाली १ मिमी आणा, आणि आय-बोल्ट (रबराची दांडी पकडणारा बोल्ट) आवळा, मागे १० मिमी पाना, पुढे ५ मिमी अॅलन की. अॅलन की धरून ठेवायची आणि नट फिरवायचा. उलट केलं तर आवळताना रबर फिरतं आणि सगळी मेहनत जाते.

रिम आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, काळं निघायचं थांबेपर्यंत. त्या दिवशी साखळीवर स्प्रे मारायचा असेल तर आधी मारा, चाकं नंतर पुसा.

सायकलवाट

सगळं केलं. क्राऊनवरचा स्टॉप बसला, योक आणि स्टॉपमध्ये २६ मिमी आहेत, कोन १०० अंश. हेडसेटमध्ये प्ले नव्हता. थरथर गेली, पुढची पकड चांगली आहे, लिव्हर अडीच सेंमीच्या थोडा पुढे येतो.

मागून आवाज अजून येतो, आधीपेक्षा कमी, हळू दाबला तरच. मागचा लिव्हर पुढच्यापेक्षा मऊ आहे.

वायरताण

मागचा थोडा मऊ राहणारच, आउटर लांब आहे आणि सीटच्या बोल्टवरचा ब्रॅकेट वाकतो. ब्रेक दाबताना त्या ब्रॅकेटकडे बघा. २-३ मिमी हलत असेल तर जाड पत्र्याचा ब्रॅकेट घ्या. मागचा योक पुढच्यापेक्षा थोडा वर, ८०-९० अंशांवर ठेवला तरी चालेल. मागच्या चाकाला थांबवायला तसाही कमी जोर लागतो, आणि वजन पुढे गेल्यावर ते लवकर घसरतं.

कानस

हळू दाबल्यावरच येणारा आवाज म्हणजे टो-इन (रबराचं पुढचं टोक आधी टेकावं म्हणून मागे ठेवलेली फट) कमी पडतंय, किंवा जुन्या रबराचा थर रिमवर शिल्लक आहे. रिमवर बारीक घासणी, नायलॉनची, फिरवा आणि परत अल्कोहोल. मग मागच्या रबरांचं टो-इन दीड मिमी करून बघा. मागच्या स्टेच्या (सीटपासून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या) नळ्या बारीक असल्या की आर्म दाबाखाली जास्त वळतो आणि १ मिमीचं टो-इन संपून जातं. आय-बोल्टचे अंतर्वक्र-बहिर्वक्र वॉशर काढून पुसा, त्यांच्यात ऑइल असेल तर आवळलेलं रबरही हळूहळू फिरतं.

थोडं चालवल्यावर रबरांच्या पृष्ठभागावर चकचकीत ठिपके दिसतात का पाहा. ते रिमचे अॅल्युमिनियमचे कण. सुईने उकरून काढा. ठेवले तर ते रिमलाच खातात.

सायकलवाट

दीड मिमी केलं, आवाज बंद. एक शंका, नव्या वायरी ताणल्या जातील तेव्हा योक परत खाली सरकेल का?

आटेपाना

इनर फारसा ताणत नाही. आउटरची टोकं टोप्यांमध्ये बसतात, वायर बोल्टखाली दबते, त्यामुळे सैल वाटतं. दोन्ही लिव्हर उभ्या सायकलवर पूर्ण जोराने दहा-बारा वेळा दाबा, बहुतेक सगळं तिथेच बसून जाईल. मग मुख्य वायर योकमध्ये पुन्हा ओढून आवळा. सामान लादून उतारावर नेण्याआधी योकचा नट, आडव्या वायरीचा बोल्ट आणि चारही आय-बोल्ट पान्याने एकदा तपासा. इनरचं टोक ३-४ सेंमी शिल्लक ठेवून कापा आणि टोपी दाबून बसवा. तार विस्कटली की पुढच्या वेळी ती योकमधून परत ओवता येत नाही.